विमानाच्या जागी वाढलेलं पान

विहीर खणणाऱ्या माणसाला जमिनीत पाणी सोडून बाकी सगळं सापडतं, असं आमचे एक जुने मुकादम म्हणायचे. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांत मी जवळजवळ वीस वर्षं सरकारी विहिरी खणल्या. त्यांत मला जातं सापडलं, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सापडली, एकदा चांदीची साखळी सापडली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर सात जणांनी हक्क सांगितला. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, उधव्याजवळच्या एका पाड्यावर, विमान सापडलं.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी विहिरींच्या बांधकामावर चार पानं खरडली होती. बायकोने ती वाचली. ती डहाणूच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे शेरा मारल्याशिवाय कागद परत देत नाही. म्हणाली, "ह्यात पाणी फार आहे. विमानाचं लिहा." तेव्हा विमानाचं लिहितो.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. मी कनिष्ठ अभियंता. आमच्या खात्यात कनिष्ठ अभियंत्याला सगळे 'रावसाहेब' म्हणतात. पगार बेताचा असला तरी हाक भारदस्त. पाड्यांवर मात्र ती मिजास चालत नाही. तिथे म्हातारी माणसं तहसीलदारापासून देवापर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणतात. पहिली दोन वर्षं मला ते टोचलं. नंतर कोणी 'तुम्ही' म्हटलं की मीच सावध व्हायचो, कारण त्याला काहीतरी मंजूर करून हवं असायचं.

जमिनीबद्दल लोकांचा एक समज असतो की माती वस्तू खाते. खरं म्हणजे माती बिचारी काही खात नाही. खातात ती हवा आणि पाणी, आणि तीही आलटूनपालटून आली तर. ज्या जमिनीत पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा, तिथे पुरलेलं लोखंड दहा-बारा वर्षांत संपतं. पण जिथे बारमाही ओली चिकणमाती आहे, हवेला शिरायला बोटभरही जागा नाही, तिथे बाभळीचा खुंट पन्नास वर्षांनी बाहेर काढला तरी कुऱ्हाडीचे घाव ताजे दिसतात. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. खड्ड्यात उतरून उतरून कळलं.

आता एक सायवनची गोष्ट सांगतो. ती इथे कशाला, असं वाटेल, पण तिचं काम पुढे आहे. उधव्याच्या कामाआधी तीनेक वर्षं सायवनला माझी एक विहीर चालू होती. तिथे एका म्हातारीच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं होतं. दोन सरळ पट्ट्या, त्यांच्यावर तीन कमानी, मधल्या जागा बांबूच्या कामट्यांनी विणलेल्या. खुराडं चांगलं माणूसभर लांब, पण मी एका हाताने उचललं तर अलगद वर आलं. लोखंड नव्हतं, गंजही नव्हता. हे कुठून आणलं म्हणून विचारलं, तर म्हातारी म्हणाली की तिच्या नवऱ्याला तरणेपणी रानात सापडलं, सागाच्या झाडाला लटकलेलं. मी हसलो आणि चहा प्यायलो. सागाला खुराडी लागत नाहीत एवढं मला ठाऊक होतं.

उधव्याच्या त्या पाड्यावर चैत्र लागला की बायका पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडायच्या. विहीर मंजूर झाली आणि मी जागा बघायला गेलो. पाड्याखाली दोन टेकड्यांच्या मधे भाताची खाचरं होती. पूर्वी कधीतरी तिथे तळं असावं आणि ते गाळाने भरत आलं असावं, कारण भर उन्हाळ्यातही एका खाचराचा कोपरा हिरवा होता. पाणी कुठे आहे ते सांगायला पाणाड्याचीही गरज नव्हती. गंमत म्हणजे त्याच कोपऱ्यात खळ्याएवढी जागा कोणी नांगरलेली नव्हती. जिथे वीतभर जमिनीसाठी भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, तिथे सगळ्यात सुपीक तुकडा पडीक.

खाचर होतं लखमाबाबांचं. सत्तरीच्या आसपासचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्यांचा मुलगा शिवराम पंचायतीचा सदस्य होता आणि विहिरीसाठी त्यानेच खेटे घातले होते. मी खुंटी ठोकायला वाकलो, तर बाबांनी माझ्या हातातली खुंटी काढून घेतली.

"इथं नको खनू," ते म्हणाले. "इथं मानूस हाय."

शिवरामने मान फिरवली. त्याला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती आणि तिची लाजही वाटत होती. शेवटी त्यानेच सांगितली. मोठ्या लढाईच्या काळात, आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावताना, एक विमान ढगांतून सुसाट खाली आलं आणि नाकावर ह्या चिखलात घुसलं. बाबा तेव्हा विशीतले. ते आणि त्यांचा थोरला भाऊ शेजारच्या खाचरात होते. धावत जाऊन बघतात तो विमान नाहीच. पाण्याने भरलेला एक खड्डा, बाहेर शेपटाचा तुकडा, आणि खड्ड्यातून वर येणारे बुडबुडे. पाऊस ओसरल्यावर गोऱ्यांची एक गाडी आली, त्यांनी तळं बघितलं, शेपटाचा तुकडा नेला आणि परत कधी आले नाहीत. वरवरचं जे काही होतं ते लोकांनी उचललं. खड्डा चार-पाच पावसाळ्यांत बुजला.

बाबांनी त्यानंतर ती जागा नांगरली नाही. दरवर्षी नवा भात घरात आला की पितरांसाठी पानं वाढतात, तेव्हा ते एक जादा पान वाढायचे आणि ह्या कोपऱ्यात आणून ठेवायचे. जेवणाऱ्याचं नाव माहीत नाही, जात माहीत नाही, देश माहीत नाही. पण पान चुकलं नाही.

मी सरकारी माणूस. मी समजूत घालायला लागलो: बाबा, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, आता काय उरलं असेल, सगळी माती झाली असेल. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलले ते शिवरामनेही आधी ऐकलेलं नव्हतं.

"बुडबुडं येत व्हतं ना, ते थांबत नव्हतं. भाऊ बोलला, आत मानूस दम घेतोय. मी बोललो, पळ, पोलीस धरतील. आमी पळालो. हातात फावडं व्हतं माझ्या."

विहिरीची जागा बदलता येते. ह्या माणसाला काय सांगायचं? त्या दिवशी मी खुंटी न ठोकता परत आलो.

आठ दिवसांनी शिवरामचा निरोप आला. बाबा तयार झाले होते, पण त्यांची अट होती. आधी त्या माणसाला बाहेर काढायचं, त्याचं जे काय करायचं ते रीतीने करायचं, मग विहीर. अंदाजपत्रकात असलं काही बसत नव्हतं. मी 'खोदकाम, ओल्या चिकणमातीत' असं लिहिलं आणि सुरुवात केली. खोटं त्यात काही नव्हतं.

बाबा रोज सकाळी काठावर येऊन बसायचे ते मजूर वर येईपर्यंत.

पहिल्या पाच-सहा फुटांत माझंच म्हणणं खरं ठरतंय असं वाटलं. वरची माती उन्हाळ्यात भेगाळणारी, त्यात वरच्या खाचरांतलं खत मुरलेलं. विमानाच्या पत्र्याचे तुकडे निघाले, पण हातात घेतले की पांढरं पीठ. लोखंडी बोल्ट गंजून फुगले होते आणि ज्या पत्र्यात ते बसवले होते तो पत्रा त्यांच्याभोवतीच आधी सडला होता. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक दुसऱ्यासाठी मरतो. मोटारीच्या बॅटरीत हेच चालतं, तिथे आपण त्याला वीज म्हणतो.

नऊ फुटांच्या खाली मातीचा रंग बदलला. निळसर करडी, लोण्यासारखी कापली जाणारी चिकणमाती लागली. आणि पेट्रोलचा वास आला. चाळीस वर्षांपूर्वीचं पेट्रोल, पण वास असा की मुकादमाने आधी बिड्या विझवायला लावल्या. मग पंखाचा पत्रा निघाला. मी स्वतः खाली उतरून त्यावरचा चिखल हाताने पुसला. खाली पत्रा चकचकीत होता. वरचा हिरवा रंग तसाच, रिव्हेटची एकेक टिकली जागच्या जागी. रबराची नळी दाबली तर दबत होती. गेल्या वर्षी कारखान्यातून निघालं असतं तरी एवढं नवं दिसलं नसतं. मी वर बघितलं. काठावरून बाबा खाली बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पत्रा एवढा टिकला असेल तर माणूसही टिकला असेल, हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं होतं.

काम थांबवून तहसील कचेरीत कळवलं, पोलिसांना कळवलं. हवाई दलाचा माणूस येईल असं उत्तर आलं. त्याआधी तहसीलदार स्वतः बघायला येणार होते. आणि इथे मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली.

बाहेर काढलेले तुकडे चिखलाने माखलेले बाबांच्या अंगणात पडले होते. त्यात एक हातभर लांबीची पट्टी होती, वैमानिक बसतो त्याच्या मागल्या भागातली. तिच्यावर रंगाने काढलेले काही आकडे आणि अक्षरं चिखलातूनही दिसत होती. मी ती उतरवून घेतली का? नाही. उद्या सावकाश घेऊ म्हटलं. शिवरामची बायको सोनी दारात उभी होती, तिला म्हणालो, "उद्या साहेब येणार आहेत, हे सगळं जरा स्वच्छ धुऊन ठेव." आणि निघून आलो.

सोनी लग्नाआधी घोलवडकडच्या एका चिकूच्या वाडीत भांडी घासायला होती. तिथे पाहुणे येणार म्हटलं की पितळेची भांडी कशी निघतात ते तिला चांगलं माहीत होतं. तिने पाड्यावरच्या चार बायका गोळा केल्या, चिंच भिजवली, चुलीतली राख काढली आणि काथ्याने विमान घासलं. सकाळी जाऊन बघतो तर अंगणात डोळे दिपत होते. देव्हाऱ्यातली उपकरणीही इतकी लखलखीत नसतील. तहसीलदार खूश झाले. मीही खूश झालो. सोनीला शाबासकी दिली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुपारी हवाई दलाचे वॉरंट ऑफिसर आले. कुरियन नावाचे, केरळकडचे, तीस वर्षं विमानांच्या दुरुस्तीत घालवलेले. मराठी समजत होतं, बोलत हिंदी. अंगणात आले आणि जागच्या जागी थांबले. ती हातभर पट्टी उचलली, उन्हात तिरपी धरली, उलटी केली, नखाने चाचपली.

"रावसाहब," ते म्हणाले, "आपने तो जहाज का नाम पोंछ दिया."

आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या आकड्यांवरून जुन्या नोंदी काढता आल्या असत्या. विमान कोणतं, कुठून उडालं, कोण उडवत होतं, त्याचं पुढे काय झालं. शेपटावरचा क्रमांक गोऱ्यांनी नेला होता. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी ज्या हलक्या धातूच्या कवचावर बसवलेली होती, ते कवच चिखलातसुद्धा टिकत नाही. नंतर इंजिन वर काढलं तेव्हा तिथे भिजलेल्या खडूसारखा लगदा होता. म्हणजे चाळीस वर्षं मातीने जपलेलं एकच नाव होतं, ते मी एका रात्रीत चिंचेने घासून टाकलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सोनीला मी काही बोललो नाही. तिने सांगितलेलं काम जीव लावून केलं होतं. चूक सांगणाऱ्याची होती.

कुरियनसाहेबांनी पहिला हुकूम दिला: आता काहीही धुवायचं नाही, सुकवायचंही नाही. ओलं गोणपाट आणा. जमिनीत हवा नव्हती म्हणून हे टिकलं. बाहेर काढलं त्या क्षणापासून ते मरायला लागलं, असं ते म्हणाले. मी इतकी वर्षं जे बोटांनी शिकत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

वैमानिकाच्या बैठकीची जागा अजून खाली होती. पंधरा फुटांवर. गाळ ओढायच्या यारीने चिखलाचा मोठा गोळा वर घेतला आणि कुरियनसाहेब लाकडाच्या चमच्याने तो उकरायला बसले. बाबा शेजारी उकिडवे. शिवरामने नारळ आणि पांढरं कापड आणून ठेवलं होतं. मजूर दूर जाऊन उभे राहिले होते.

बैठक निघाली. पाठीला टेकायची चामड्याची गादी निघाली, तिची शिवण पूर्ण. आत घोड्याचे केस भरलेले होते, तेही ओले आणि शाबूत. पायाजवळ एक चामडी पाकीट होतं, नकाशे ठेवायचं, रिकामं. मग पट्टे निघाले, वैमानिकाला बैठकीला बांधून ठेवणारे. कापडी पट्टे, आणि त्यांच्या टोकाला एकमेकांत अडकवायचा पितळी आकडा. कुरियनसाहेब त्या आकड्याशी बराच वेळ थांबले. चिखल कणाकणाने काढला. मग मला जवळ बोलावून दाखवलं. आकडा तुटलेला नव्हता. सोडलेला होता.

त्यांनी पुन्हा सगळा गोळा चाळला. हाड नाही, दात नाही, बूट नाहीत. हाडं काही मातींत विरघळतात, हे मला माहीत होतं. पण चामडं? जी माती गादीची शिवण जपते, पाकीट जपते, ती बूट का जपणार नाही? आम्ही दोघेही तेच म्हणत होतो, ते हिंदीत आणि मी मराठीत.

"एक चीज चाहिए," कुरियनसाहेब म्हणाले. बैठकीवर एक काचेचं झाकण असतं, दोन पट्ट्यांवर सरकणारं. उडी मारायची झाली तर वैमानिक ते आधी हवेत उडवून देतो. इथे त्या झाकणाचा मागमूस नव्हता. ते दूर कुठेतरी मिळालं असतं तर शंकाच उरली नसती. पण चाळीस वर्षांपूर्वी रानात पडलेलं झाकण आता कुठून मिळणार, असं म्हणून त्यांनी हातांनी आकार दाखवला. दोन सरळ पट्ट्या, त्यांच्यावर तीन कमानी.

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, जीपमध्ये बसा.

सायवनची म्हातारी होती, खुराडंही होतं. पण ती ते द्यायला तयार नव्हती. तिच्या मते ह्या खुराड्यात मुंगूस शिरत नाही. नवीन खुराडं बांधून देतो म्हटलं, तर तिला आधी बघायचं होतं. मग मुकादम आणि दोन मजूर तिच्या अंगणात बांबू तासायला बसले आणि हवाई दलाचे वॉरंट ऑफिसर कोंबड्या धरून बसले. दोन तास गेले. म्हातारीने नवीन खुराडं हलवून बघितलं, जड आहे म्हणून नाक मुरडलं, आणि मग जुनं सोडलं.

संध्याकाळी उधव्याला परत आलो तेव्हा बाबा तिथेच बसून होते. कुरियनसाहेबांनी कामट्या काढल्या, कोंबड्यांची घाण पुसली आणि ती चौकट बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींवर ठेवली. एक बाजू विमान पडताना वाकली होती. दुसरी बाजू खोबणीत सरळ बसली आणि सरकली. चाळीस वर्षं धुरात आणि पावसात राहिलेली चौकट, चाळीस वर्षं चिखलात राहिलेली खोबण. कुरियनसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

मी बाबांसमोर बसलो. सांगायचं काम माझ्यावर होतं.

"बाबा, इथे कोणी मेलं नाही. त्याने सायवनवरच झाकण उघडलं, पट्टा सोडला आणि छत्री घेऊन उडी मारली. विमान रिकामं आलं."

त्यांनी लगेच विचारलं, "बुडबुडं?"

बुडबुडे पेट्रोलच्या टाकीतल्या हवेचे. तापलेलं इंजिन थंड पाण्यात गेलं त्याचे. चाकांतल्या हवेचे. एवढं मोठं रिकामं भांडं चिखलात बुडालं तर तासभर हवा सोडतं. कुरियनसाहेबांनी पाण्याच्या बादलीत तांब्या उलटा दाबून दाखवला. तांब्यातून गडगड करत हवा वर आली. बाबांनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः दाबून बघितला. मग पुन्हा बघितला. किती वेळा, ते मी मोजलं नाही. शिवराम त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बापाच्या गोष्टीची लाज वाटणारा तो मुलगा मला त्यानंतर कधी दिसला नाही.

मला राहवलं नाही. मी माझंही सांगून टाकलं. त्या माणसाचं नाव कळलं असतं, पण ते माझ्या हातून पुसलं गेलं.

बाबा म्हणाले, "नाव मला तरी कुटं ठावं व्हतं? तरी वाढत व्हतो ना."

इंजिन आणि बैठक हवाई दलाची गाडी घेऊन गेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून गेली, म्हणजे बहुधा टिकली असेल. सोनीने घासलेले तुकडे मात्र आमच्या डहाणूच्या गोदामात ठेवले होते, सिमेंटच्या गोण्यांशेजारी. एका पावसाळ्यात त्यांच्यावर करडे फोड आले आणि पुढच्या उन्हाळ्यात हात लावला तर पापुद्रे सुटले. जमिनीने जे चाळीस वर्षं सांभाळलं ते सरकारी गोदामाला दीड वर्ष सांभाळता आलं नाही. ह्याबद्दल मला कोणी जाब विचारला नाही. मी स्वतःला अधूनमधून विचारतो.

बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं यायला लागली. झाईहून एक गुजराती वाडीवाले नारळासाठी खड्डा खणताना सापडलेला 'विमाननो भाग' रुमालात बांधून घेऊन आले. रुमाल उघडला तर आत पांढरा चुरा. तो मासेमारीच्या मचव्याच्या यंत्राचा तुकडा होता, त्यांच्याच भाच्याने सात-आठ वर्षांपूर्वी पुरलेला. समुद्रकाठच्या खाऱ्या, मोकळ्या वाळूत ॲल्युमिनियमचं काय होतं ते मला तेव्हा बघायला मिळालं. वाडीवाले फार हिरमुसले. मी त्यांना चहा पाजला, कारण धड्याची फी तरी द्यायला हवी होती.

विहीर आम्ही विमानाच्या खड्ड्यात बांधली नाही; तिथल्या पाण्यावर तेलाचा तवंग येत होता. त्याच खाचरात वरच्या अंगाला, शंभरेक पावलांवर खणली. बावीस फुटांवर झरा लागला आणि पुढे मी बदली होऊन जाईपर्यंत तो कधी आटला नाही. माझ्या सगळ्या विहिरींत ती मला सगळ्यात जवळची, आणि ती मला मिळाली ते एका म्हाताऱ्याने माझ्या हातातली खुंटी काढून घेतली म्हणून. ह्या नोकरीने मला फार काही दिलं नाही असं मी तरुणपणी म्हणत असे. आता म्हणत नाही.

त्या वर्षी पावसानंतर नवा भात आला तेव्हा शिवराम मला न्यायला डहाणूला आला. घरात पितरांची पानं वाढून झाली होती. बाबांनी एक जादा पान हातात घेतलं आणि खड्ड्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. खड्डा पावसाआधीच बुजवला होता; त्या खळ्याएवढ्या जागेत ह्या वर्षी पहिल्यांदा भात उभा होता, कापणीला आलेला. बांधावर त्यांनी पळसाची पत्रावळ ठेवली. नवा भात, उडदाचं वरण, सुकटीचं कालवण. वाफ येत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

मी म्हटलं, "बाबा, हे त्याचं पान आहे."

"त्याचं व्हतं. तो गेला ना त्याच्या घरी. तिकडं त्याला वाढत आसतील. हे तू जेव."

माझ्या ओठांवर आलं होतं की बाबा, त्याने उडी मारली एवढंच आपल्याला ठाऊक आहे. छत्री उघडली का, तो कुठे उतरला, घरी पोचला का, हे त्या पुसलेल्या आकड्यांनी सांगितलं असतं. कुरियनसाहेबही जाताना मला हेच म्हणाले होते. पण बाबा समोर उकिडवे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर मोकळे. मी चपला काढल्या आणि बांधावर मांडी घातली.

सोनीने विहिरीचं पाणी आणून ठेवलं. मी जेवलो. पानात एक शीतही ठेवलं नाही.